अर्धी पट्टी आणि तिसरा हिस्सा

सातारा,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय शुभा,

तुझा दिवाळीचा मेसेज वाचला तेव्हाच ठरवलं की याचं उत्तर फोनवर द्यायचं नाही. "गणितात बी.एस्सी. झालीस, पुण्यात ये, अकरावी-बारावीचे क्लास घे. बी.एड., टीईटी, टेट, पवित्र पोर्टल, एवढा खटाटोप सहावी-सातवीच्या पोरांसाठी कशाला?" तू काळजीपोटी विचारलंस हे कळतं मला, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाचा छात्रसेवाकाल चालू आहे, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायचा सराव, सोळा आठवड्यांचा. मेढ्याच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा मिळाली. सकाळी एसटी पकडायची, संध्याकाळी परत आलं की दुसऱ्या दिवशीचं पाठ टाचण, म्हणजे काय आणि कसं शिकवायचं त्याचा आराखडा, काढायचं. झोप काय ती दिवाळीच्या सुट्टीत झाली.

घरी-दारी सगळ्यांना वाटतं की बी.एड. झालं की पहिलीपासून कुठलाही वर्ग मिळतो. तसं नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एड.च हवं. आमच्या वर्गात अजूनही त्यावरून हळहळ चालते. मला मात्र तो निकाल पटला. पहिलीच्या लेकराला अक्षराची ओळख करून देणं हे वेगळंच काम आहे, आणि ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. माझी जागा सहावी ते आठवी, म्हणजे टीईटीचा, शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन. मला हवी होती तीच.

का ते सांगते. मानसशास्त्रज्ञ पियाजे म्हणतो की साधारण अकराव्या वर्षापासून मूल हातात वस्तू नसतानाही, नुसत्या कल्पनेवर विचार करू लागतं. पुस्तकात ही एक ओळ आहे. वर्गात एकाच बाकावर दोघं बसलेले असतात, एकाला 'क्ष' समजतो, दुसऱ्याला अजून बोटं मोजायची असतात, आणि तो हात बाकाखाली लपवून मोजतो. चौथीपर्यंत चुकीचं उत्तरसुद्धा ओरडून सांगणारी पोरं सहावीत बोलायची बंद होतात. आपण बारावीत ज्यांना 'ढ' म्हणायचो ना, त्यांचं गणित याच वर्गांत कुठेतरी हातातून सुटलेलं असणार. तेव्हा आपण त्यांना तसं म्हणायला नको होतं.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन असतं. प्रश्न विचारणं, फलकलेखन, असं एकच कौशल्य घ्यायचं आणि सहा मिनिटं शिकवायचं. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी. मग सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं आणि काय चुकलं ते ऐकायचं, बारा मिनिटं पुन्हा तयारी, परत सहा मिनिटं पाठ आणि परत सहा मिनिटं प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचं चक्र. सुरुवातीला मला ते सगळं लुटुपुटूचं वाटायचं, कारण सहाध्यायी नेहमी बरोबरच उत्तर देतात. पण एक सवय त्यातून लागली. प्रश्न विचारला की थांबायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं, आपणच उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही.

त्या सवयीची किंमत मला सप्टेंबरात कळली. सहावीला अपूर्णांकांची बेरीज घेत होते. फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं. टाचणात एक रकाना असतो, 'विद्यार्थ्यांचे अपेक्षित उत्तर', त्यात मी ५/६ लिहून ठेवलं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो दोन आठवड्यांत एकदाही बोलला नव्हता, तो हळूच म्हणाला, "दोन पंचमांश." वर्ग हसला. मी 'चूक' म्हणणारच होते, पण थांबले आणि विचारलं, "कसं काढलंस?" तर म्हणतो, "बाई, दोन बॉलमध्ये एक सिक्स मारला. मग तीन बॉलमध्ये एक. पाच बॉलमध्ये दोनच झाले की."

शुभा, मी खडू हातात धरून उभीच राहिले. त्याचा हिशोब चुकलेला नव्हताच. तो दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होता. पाठ बघायला आलेल्या निरीक्षकांनी त्या दिवशी माझ्या वहीत 'फलकलेखन सुधारावे, वेळेचे नियोजन करावे' एवढंच लिहिलं. वाईट वाटलं. पण वर्गाच्या मागे बसलेल्या बाई, ज्यांच्या हाताखाली मी शिकते, त्या व्हरांड्यात म्हणाल्या, "त्याला उद्या पट्ट्या दे. तू काही सांगू नको."

रात्री कार्डशीटच्या ३० सेंटीमीटरच्या पट्ट्या कापल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटल्या. एकाच लांबीची पट्टी, तिचं अर्ध आणि तिचाच तिसरा हिस्सा. त्यानं आधी आपलं उत्तर मोजलं. पाचवा हिस्सा ६, दोन हिस्से १२, तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. मग अर्ध्यावर, १५ ला रेघ मारली. दोन्ही रेघांकडे बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "बाई, निम्म्यात अजून घातलं आणि कमी कसं झालं?" मग १५ ला १० जोडून तोच २५ वर आला, आणि शेजारच्याला सांगू लागला की बॉल वेगवेगळे होते, पट्टी एकच आहे. समच्छेद हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला.

आता टीईटीचं. मागच्या वेळी ८७ मिळाले. १५० पैकी खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. इंग्रजीनं घात केला. आता २३ तारखेला पुन्हा आहे, बरोबर तीन आठवडे उरलेत. गणित-विज्ञानाच्या ६० गुणांची काळजी नाही, दोन्ही भाषा आणि बालमानसशास्त्राचे ३०-३० आहेत ते पक्के करायचेत. पुढे टेट आहे, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, दोन तासांत दोनशे प्रश्न, आणि मग सरकारच्या पवित्र पोर्टलवर भरतीची वाट बघणं. ती किती बघावी लागेल ते आत्ता मनात आणत नाही.

बाईंनाही हीच परीक्षा द्यायची आहे. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो वाचला असशील, ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे अशा शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागणार. बाई सेहेचाळीस वर्षांच्या आहेत, नोकरीला बावीस वर्षं झाली. नव्यानं येणाऱ्यांना ही परीक्षा असावीच असं मला वाटतं. पण ज्यांनी इतकी वर्षं पोरं घडवली त्यांची नोकरी अडीच तासांच्या पेपरवर टांगणीला लागावी, हे मला पटत नाही. बाई स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मधल्या सुट्टीत खिचडी वाढून झाली की आम्ही दोघी ऑफिसात बसून प्रश्नसंच सोडवतो. परवा मी त्यांना व्हायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं समजावत होते, मूल एकट्यानं काय करू शकतं आणि कुणी थोडा हात दिला तर काय करू शकतं, त्या दोहोंमधलं क्षेत्र. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू त्याला पट्टी दिलीस ते."

आता एक काम सांगते. हॉस्टेलवर तू काढलेली इंग्रजी व्याकरणाची निळ्या कव्हरची वही असेल अजून, तू काही फेकायची नाहीस. तिची झेरॉक्स काढून या आठवड्यात कुरिअर कर. दोन प्रती काढ, एक बाईंना हवी आहे. आणि अक्षर बारीक आहे तुझं, बाईंना चष्मा आहे, तेव्हा त्यांची प्रत जरा मोठी करून घे.

तुझी,
मेघना