घरातल्या जेन्ट्सना नको, मलाच उत्तर द्या: गाडीतल्या वाय-फायबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागाचे प्रमुख,
आणि या गाडीतली बटणं काढून तिथे स्क्रीन बसवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला ते.

विषय: गाडीतलं वाय-फाय, टचस्क्रीन आणि हेल्पलाइनवर काल झालेलं बोलणं.

काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनने माझी तक्रार पुन्हा एकदा ‘सोडवली’. म्हणजे बोलता बोलता फोन कट झाला आणि पाठोपाठ तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. म्हणून आता लेखी देते आहे. गाडी कोणती, व्हेरिएंट कुठलं, सॉफ्टवेअर कुठलं, हे सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. ते परत विचारू नका. चेसिस नंबर सांगून सांगून मला आता तोंडपाठ झालाय.

मी शहाद्याला कर सल्लागार आहे. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचा दरमहाचा रिटर्न, भरायची शेवटची तारीख वीस. ती चुकली की क्लायंटला रोजचे पन्नास रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. धडगावचे माझे एक जुने क्लायंट आहेत, ते खरेदीची बिलं पिशवीत भरून ठेवतात आणि ती पिशवी वीस तारखेच्या आधी कधीच देत नाहीत. त्यामुळे गाडीतच लॅपटॉप उघडून काम करता यावं ही माझी गरज. शोरूममध्ये मी हे स्पष्ट सांगितलं होतं. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, गाडीतच वाय-फाय आहे, फोनची गरजच नाही.” टॉप मॉडेल घेतलं ते या एका वाक्यावर. सनरूफ मला नको होतं. आमच्याकडे मे महिन्यात डोक्यावरचं ऊन आत घ्यायची हौस कोणाला असते?

जे चालतं ते आधी सांगते. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याहून शिरपूरला जाताना तुमचं हॉटस्पॉट छान चालतं. भाचा गाडी चालवतो, मी मागे बसून पोर्टलवर काम करते, माझ्या फोनची बॅटरी वाचते, मुलगी टॅबवर कार्टून बघते. छतावरचा तो माशाच्या कल्ल्यासारखा अँटेना पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या फोनपेक्षा कमकुवत सिग्नल बरा पकडतो, हेही मान्य. मोबाइलवरून आधीच एसी सुरू करायची सोय तर आमच्याकडे वरदान आहे. पारा ४४-४५ ला टेकला असताना उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही, ते थंड झालेलं मिळतं. हे सगळं मला पटलंय. म्हणून तर पहिल्या वर्षाची फुकट मुदत संपल्यावर मी पैसे भरून प्लॅन वाढवला.

पण तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावला निघालं की तुमचं वाय-फाय संपतं. दोष डोंगराचा नाही. तुमच्या गाडीतलं वाय-फाय म्हणजे काही वेगळं इंटरनेट नाही, आत एक ई-सिम आहे आणि ते तुम्ही ठरवलेल्या एकाच मोबाइल कंपनीच्या टॉवरवर चालतं. त्या कंपनीचा टॉवर नसेल तर अँटेना सोन्याचा लावा, काही उपयोग नाही. धडगावात माझ्या क्लायंटच्या फोनला दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क येतं. माझ्या गाडीला येत नाही. फोन असता तर मी सिम बदललं असतं, नंबर पोर्ट केला असता. देशभर २०११ पासून ही सोय आहे. गाडीचं सिम आत पक्कं बसवलेलं, ते ना काढता येत, ना कंपनी बदलता येत. विचारलं तर तुमचा माणूस म्हणतो, “मॅडम, ते आमचं टायअप आहे.” टायअप तुमचं, पैसे माझे.

गेल्या वीस तारखेला धडगावच्या बाजारपेठेत गाडी उभी करून मी तुमचं गोल गोल फिरणारं चाक बघत बसले होते. रस्त्याने जाणारे एक आजोबा थांबले आणि म्हणाले, “काय व्हयनं वो ताई, गाडी बंद पडनी का?” त्यांना काय सांगणार? गाडी चालू आहे, गाडीचं इंटरनेट बंद पडलंय? शेवटी क्लायंटच्या मुलाने आपल्या साध्या फोनचं हॉटस्पॉट लावून दिलं आणि रिटर्न भरला गेला. टॉप मॉडेलच्या मालकिणीने बारावीतल्या पोराचा डेटा उसना घेतला.

नकाशाची तीच गत. गाडी कुठे आहे हे उपग्रहावरून कळतं, त्याला इंटरनेट लागत नाही, हे तुमच्या इंजिनियरना मी सांगायला नको. लागतो तो नकाशा. तो आधीच साठवून ठेवला की झालं. माझ्या फोनमध्ये नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवलाय, तो तोरणमाळच्या सातपायरी घाटातसुद्धा मुकाट चालतो. तुमच्या एवढ्या मोठ्या स्क्रीनवर मात्र राखाडी रंगाच्या मैदानात एक निळा ठिपका आणि खाली सूचना: इंटरनेट जोडणी तपासा. कुठे जाऊन तपासू? दरीत?

फोन वायरलेस पद्धतीने स्क्रीनला जोडला की हॉटस्पॉट बंद होतं, हे तर ब्रोशरमध्ये कुठेच नाही. ब्लूटूथने ओळख झाली की पुढचं काम वाय-फायवरच चालतं, आणि माझ्या गाडीत एका वेळी दोनपैकी एकच मिळतं. नकाशा हवा की लॅपटॉप, ठरवा. सर्व्हिस सेंटरच्या पोराने हळूच सांगितलं, “ताई, चांगली केबल घ्या, केबलवर सगळं चालतं.” तुमच्या सगळ्या यंत्रणेत मला मिळालेला हा एकमेव खरा सल्ला. तो देणारा पोरगा तुमच्याकडे कंत्राटी आहे.

आता कालचं.

परवा गाडीने आपोआप अपडेट घेतलं. कोणी विचारलं नाही, की “आत्ता घेऊ का?” म्हटलं नाही. तेव्हापासून स्क्रीन मधूनच काळी पडते. आणि स्क्रीन काळी पडली की एसी हलवता येत नाही, कारण एसीचं बटणच नाही, तेही स्क्रीनमध्येच. मागचा कॅमेराही जातो. काल दुपारी अंगणात गाडी उभी होती, पारा ४३ वर, आणि मी हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं.

“मॅडम, लोकेशन?”
“शहादा.”
“शिर्डी?”
“शहादा. श, हा, दा.”
“ओके, औरंगाबाद साइडला.”
“नंदुरबार जिल्हा.”
थोडा वेळ टकटक आवाज. “मॅडम, ते गुजरातमध्ये दाखवतंय.”

मी म्हटलं, दाखवत असेल, पण १ मे १९६० पासून आम्ही महाराष्ट्रात आहोत, आणि १९९८ पासून धुळ्यापासून वेगळा असा आमचा स्वतःचा जिल्हाही आहे. “ओके मॅडम, तुम्हाला गुजरात डेस्कला ट्रान्सफर करतो.” आणि केलं! तिथल्या बाईंनी निदान सगळं ऐकून घेतलं. आम्हाला गुजराती कळतं, बॉर्डरवरचीच माणसं आम्ही. त्या म्हणाल्या, “बेन, गाडी तो महाराष्ट्र पासिंग छे ने?” एमएच-३९ ची गाडी गुजरातची कशी असेल? पुन्हा रांगेत. पुन्हा तेच गाणं. ते गाणं तरी बदला.

मग दुसरे एक साहेब आले. गाडी सुरू करा, स्क्रीनचं पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा. धरलं. तुमचा लोगो आला आणि गेला.

“आता सेटिंगमध्ये जा.”
“स्क्रीन काळी आहे.”
“मॅडम, चाकासारखा आयकॉन असतो बघा, उजवीकडे वर.”
“स्क्रीन काळी आहे. आयकॉन दिसत नाही. काहीच दिसत नाही.”
“मग आधी वाय-फाय ऑन करून घ्या.”
“वाय-फायचं बटण त्याच स्क्रीनमध्ये आहे, जी काळी आहे.”

इथे ते थांबले. आणि मग म्हणाले, “मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांच्याकडे द्या ना फोन, त्यांना पटकन समजेल.”

माझे मिस्टर शेजारच्याच सीटवर बसले होते, घामाने निथळत. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांना गाडी चालवता येत नाही, लायसन्ससुद्धा नाही. मी फोन स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, “अहो साहेब, मला यातलं काही कळत नाही. गाडी तिची आहे, तिलाच विचारा.” यावर तुमचे साहेब एकदम खुशीत आले. “नमस्कार सर! सर, तुम्ही फक्त सेटिंगमध्ये जा.” मिस्टर म्हणाले, “स्क्रीन काळी आहे.” “ओके सर, सॉरी सर, मग हा हार्डवेअर इश्यू दिसतोय, मी तक्रार पुढे पाठवतो सर.”

मी जे अर्धा तास सांगत होते ते त्यांनी तीन शब्दांत सांगितलं आणि ते लगेच हार्डवेअर इश्यू झालं. मी हजारो रिटर्न भरलेत साहेब, लोकांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा आहे. काळी स्क्रीन ओळखायला मला नवऱ्याची साक्ष लागत नाही. आणि एवढं करून पुढे पाठवलं म्हणता ती तक्रार दहा मिनिटांत बंद झाली, ते वेगळंच.

एसीच्या बटणाचं मी पुन्हा लिहिते, कारण तुमच्याकडे एकदा सांगून काही होत नाही. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं नसलेल्या गाडीला पूर्ण गुण देत नाही. एसी त्या यादीत नाही, कारण त्यांच्याकडे मे महिन्यातलं शहादा नाही. एक गोल फिरवायचं बटण द्या. वर्गणी नको, अपडेट नको, हाताने फिरवायचं बटण.

आणि एसओएस, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण. तुमच्या जाहिरातीत डोंगरातला रस्ता, गाडी घसरते, बाई आरशाजवळचं लाल बटण दाबते, मदत येते. ते बटण कशावर चालतं? त्याच सिमवर. त्याच टॉवरवर. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड येते हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे, आणि नेमकं तिथेच तुमचं लाल बटण निव्वळ शोभेचं. वाय-फाय नसलं तर मी चिडते, पण या बटणावर विसंबून कोणी घाटात थांबून राहिलं तर? हे बटण कुठे चालत नाही ते विकताना सांगा, ब्रोशरच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात लिहू नका.

पुढचंही लेखी हवं. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा कितीतरी जुन्या गाड्यांची अशीच कनेक्टेड सेवा कायमची गेली. गाडी धडधाकट, आतलं सिम निकामी. ही गाडी मी बारा-पंधरा वर्षं वापरणार आहे. फोरजी बंद झालं की माझ्या गाडीचं काय करणार? नवा बोर्ड कोणाच्या पैशाने बसणार?

माझ्या वडिलांकडे तुमच्याच कंपनीची गाडी होती. पंखा, दिवे आणि एक कॅसेट प्लेयर. अक्कलकुव्यापासून जळगावपर्यंत ती कापसाच्या धंद्यात राबली, आणि बंद पडली तर कुठलाही मेकॅनिक बॉनेट उघडून काय झालं ते सांगायचा. त्या गाडीवरच्या विश्वासापायी मी दुसरं शोरूम पाहिलंही नाही. मला शरम वाटते ती याची, की आता भावालाही मीच सांगितलंय, ही कंपनी नको.

मला हवं ते असं. स्क्रीन बदलून द्या, सॉफ्टवेअर टाकून बघतो म्हणू नका. वाढवलेल्या प्लॅनचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा, कारण मी जिथे काम करते तिथे तुमची सेवाच नाही. गाडीतलं सिम दुसऱ्या कंपनीवर नेता येतं की नाही, हो किंवा नाही, एका ओळीत लिहा. आणि कालच्या बोलण्याबद्दल माफी, ती मला, मिस्टरांना नव्हे. त्यांना तुम्ही आधीच सॉरी सर म्हणून झालात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच, म्हणजे नंदुरबारला, तक्रार करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यायची गरज नाही. दहा ते वीस लाखांच्या मालाला फी चारशे रुपये. तुमच्या प्लॅनपेक्षा स्वस्त पडते. कागद मी स्वतःच तयार करते, वकील लागणार नाही.

सोबत: बंद स्क्रीनचे फोटो, हेल्पलाइनच्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि आरसीची प्रत. मालकाच्या रकान्यातलं नाव वाचून मगच फोन करावा.

कळावे,
आपली ग्राहक, शहादा, जि. नंदुरबार