बडग्यावाल्या काकांना, नागपूरच्या इतवारीतून उमरेडला

नमस्कार काका,

तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे माहीत आहे, म्हणून हे ताई वाचून दाखवतील. सगळ्यांसमोर यासाठी लिहितोय की तुम्ही मला जे दिलं ते इथल्या बऱ्याच लिहिणाऱ्या पोरापोरींच्या कामाचं आहे आणि तुमचे आभार मी आजपर्यंत नीट मानलेच नाहीत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तुम्हाला आठवत असेल. पोळ्याला आठ दिवस होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते, तिच्यासाठी तुमच्या अंगणात बडग्याचा, म्हणजे गळ्यात टोमण्याची पाटी घातलेल्या पुतळ्याचा, बांबूचा सांगाडा उभा होता, खळ शिजत होती आणि पाटीवर काय लिहायचं ते ठरायचं होतं. आदल्या रात्री सीताबर्डीवरून येताना व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर मला अख्खा बडग्या दिसला होता, त्याचे हातवारे, गळ्यातली पाटी, पाटीवरची ओळ, सगळं. घरी जाऊन लिहू म्हटलं. घरी पोचलो, गाडी लावली, आईने गॅस सिलेंडरचं विचारलं, जेवलो, वही घेऊन बसलो तर काहीच नाही! काहीतरी भारी होतं एवढंच आठवत होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर मी रडकुंडीला आलो होतो.

तुम्ही रागावला नाहीत. खिशातून ती गड्डी काढली. जुन्या कॅलेंडरची पानं चार-चार तुकडे करून, सुयाने भोक पाडून सुतळीत ओवलेली, आणि सुतळीलाच बोटभर पेन्सिल बांधलेली. म्हणालात, "घरी जाऊन नाई लिहाचं बे पोट्ट्या, जिथं सुचलं तिथंच गाडी बाजूले लाव." मी विचारलं पेन्सिल काहून, तर म्हणालात पावसाने शाई पसरते, पेन्सिल ओल्या हातानेही चालते. मारबतीच्या दिवसांत नागपुरात पाऊस असतोच, तेव्हा ही गोष्ट दुसऱ्याच दिवशी पटली.

नंतर मी याबद्दल थोडं वाचलं काका. 1959 मध्ये पीटरसन नावाच्या नवराबायकोने अमेरिकेत एक प्रयोग केला होता. लोकांना तीन अक्षरं सांगायची आणि लगेच एका आकड्यातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावायचं, म्हणजे मनात घोकता येऊ नये. 18 सेकंदांनी विचारलं तर बहुतेक वेळा अक्षरं गेलेली असायची. 18 सेकंदात आपल्याकडे सिग्नलही सुटत नाही आणि मी तर सिलेंडरचं बोलून, जेवून मग वही उघडली होती.

पण गड्डी मिळाली म्हणून लगेच जमलं असंही नाही. पहिल्या महिन्यात मी नुसते शब्द खरडायचो, "नळ, मामा" असं काहीतरी, आणि रविवारी ते वाचून काही कळायचं नाही. तेव्हा तुम्ही तीन गोष्टी सांगितल्या: कोन बोलते, कुठं दिसलं, हसू काहून आलं, आणि त्या तिन्ही नसतील तर चिठ्ठी अर्धीच समजायची. माझ्या मते हे तर गड्डीपेक्षाही मोठं होतं. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाने रात्री झोपेतून उठून प्रयोगाची कल्पना चिठोऱ्यावर लिहिली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली म्हणून बरं, तेव्हा ते सरळ उठून प्रयोगशाळेत गेले, बेडकाच्या हृदयावर प्रयोग केला आणि नसा रसायनातून निरोप पोचवतात हे दाखवलं, 1936 ला नोबेल मिळालं. सगळ्यांकडे कल्पना अशी दुसऱ्यांदा येत नाही ना.

गड्डी मिळाली त्याच्या पुढच्या वर्षी शहराच्या "आपली बस"मध्ये उभ्या उभ्या मी लिहिलं, "म्हातारी, रिकामी घागर, हातात बिल, नळ कोरडा बिल ओलंचिंब". गर्दीत हात हलत होता, अक्षर वेडंवाकडं आलं, पण तिन्ही गोष्टी होत्या. तीच ओळ पाटीवर गेली आणि "घेऊन जा गे मारबत"च्या गजरात बायका ती मोठ्याने वाचत होत्या. तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलं होतं, ते मी विसरणार नाही.

आणखी एक सांगायचं आहे. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, आणि दरवर्षी शेवटी सगळं जाळून टाकायचं, बडगे पण. म्हणजे इतक्या वर्षांत किती ओळी नेहरू पुतळ्यापाशी लोकांनी वाचल्या असतील आणि संध्याकाळी राख झाल्या असतील. तुमच्या ट्रंकेतल्या गड्ड्या मला दाखवल्या तेव्हा कळलं की त्या ओळी फक्त तिथेच शिल्लक आहेत. ट्रंक ताईंना कोरड्या जागी ठेवायला सांगा, प्लीज, आणि मी येईन तेव्हा एकेका पानाचा फोटो काढू.

आता मी फोनवर बोलूनही ठेवतो, गाडीवर असलो की थांबून. पण रविवारी सकाळी ते कागदावर उतरवतोच, निम्म्याहून जास्त फाडून टाकतो, उरलेलं सुतळीत. वस्तीतली दोन पोरं पण करायला लागली आहेत, त्यांना मी तुमचंच नाव सांगितलं.

जुनं कॅलेंडर कापून यंदा तीन गड्ड्या केल्या आहेत. एक तुमच्यासाठी आहे, पानं मोठी कापली आहेत आणि पेन्सिल जाड, काळीभोर बांधली आहे, म्हणजे चष्म्याशिवाय पण दिसेल. दिवाळीच्या आधी उमरेडला घेऊन येतो.

तुमचा,
पाटीवाला पोट्टा