निकाल आधीच लावून मोकळे

संपादक साहेब,
गाजलेली केस असली की चार्जशीट यायच्या आधीच टीव्हीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आरोपीला फाशी झालेली असते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे कायद्यात इंग्रजांच्या काळापासून आहे, तरी दुसऱ्या दिवशी हेडलाईन येतेच, "आरोपीने गुन्हा कबूल केला", आणि मग तो माणूस पुढे निर्दोष सुटला तरी लोक म्हणतात पैसे चारले असणार, त्याच्या बायकापोरांना ते आयुष्यभर ऐकावं लागतं. उलटंही होतं बरं का. १९५९ च्या नानावटी खटल्यात नौदल अधिकारी नानावटींवर बायकोच्या प्रियकराला गोळी घालून मारल्याचा आरोप होता, पण लोक आणि एक साप्ताहिक इतके नानावटींच्या बाजूने होते की ज्युरीने (म्हणजे कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) त्यांना ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तीच कायम ठेवली. म्हणजे गोळी लागून मेलेल्या माणसाचा विचारच कुणी केला नव्हता! निदान तुमच्या पेपरने तरी निकालापर्यंत "खुनी" न लिहिता "आरोपी" लिहावं, आणि सुटकेची बातमी अटकेएवढीच मोठी, पहिल्या पानावर छापावी.
– एक नियमित वाचक