जंतांच्या उपचाराची अर्धीच गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला, जंतांनी क्रोन्स (प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटून सूज आणणारा आजार) बरा होतो हे सांगणारा लेख वाचला आणि राहवलं नाही. २००५ च्या अमेरिकेतल्या आयोवातल्या प्रयोगाचं कौतुक ठळक अक्षरांत आहे: डुकराच्या आतड्यातल्या व्हिपवर्म या जंताची अंडी प्यायलेल्या २९ पैकी बहुतेक रुग्णांना आराम पडला. पण आपण काय पितोय हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता, याबद्दल अवाक्षर नाही. पुढे २५० रुग्णांची रीतसर चाचणी झाली. तिचा निकाल २०१३ मध्ये लागला. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या डोसापेक्षा ही अंडी सरस ठरली नाहीत. हा निकाल लेखातून गळला कसा?

माझ्या धाकट्या बहिणीला क्रोन्स आहे. असंच काहीतरी वाचून तिने प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या. ताप येऊ लागला, जेवण सुटलं, तेव्हा कपाटात कपड्यांच्या घडीखाली न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. शेवटी लहान आतड्याचा आकसलेला भाग कापून काढावा लागला. तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. स्टेरॉइडने सुजलेला चेहरा रोज आरशात बघणारं माणूस 'नैसर्गिक उपाय' म्हटलं की कसं हरखून जातं, ते मी पाहिलंय.

संशोधनाला माझा विरोध नाही. शरीराने हुसकावून लावू नये म्हणून जंत प्रतिकारयंत्रणेला आवर घालतात, हे खरंच आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या डेव्हिड प्रिचर्ड यांनी २००४ मध्ये हूकवर्म या दुसऱ्या जंताच्या अळ्या आधी स्वतःच्या अंगात सोडल्या, त्या किती सुरक्षित आहेत हे पाहायला. तो संशोधक होता. तुमचा लेख मात्र या अळ्या इंटरनेटवरून मागवता येतात, असं बिनदिक्कत सांगतो. हा जंत कातडीतून शिरतो, रक्तावाटे फुप्फुसात जातो, तिथून घशात येऊन गिळला जातो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. क्रोन्सच्या कितीतरी रुग्णांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. त्यांनी हे घरी करून बघायचं?

२०१३ चा निकाल त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा, ही विनंती.

आणि एक. व्हिपवर्म म्हणून छापलेला फोटो अ‍ॅस्कॅरिस या मोठ्या राउंडवर्मचा आहे. व्हिपवर्मचा पुढचा भाग दोऱ्यासारखा बारीक असतो. आरोग्य पुरवणीत एवढं तरी कुणी तपासावं.

आपली,
एक नियमित वाचक