लिफ्टची नोटीस आणि महाडचं तळं

तीर्थरूप आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सोसायटीच्या लिफ्टच्या नोटिशीचा विषय निघाला की आई बोलत असताना बाबा गॅलरीत जातात आणि बाबा बोलायला लागले की आईला गॅसवरचं दूध आठवतं. म्हणून हे पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा. तेवढंही जमत नसेल तर एकामागून एक वाचा, पण पूर्ण वाचा.

आईने नोटिशीचा फोटो पाठवला होता. ‘घरकामगार, डिलिव्हरीवाले व इतर कामगार यांनी फक्त मागील लिफ्टचा वापर करावा. उल्लंघन झाल्यास संबंधित सदनिकाधारकास रु. २०० दंड. आदेशावरून.’ खाली सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. मागची लिफ्ट दुपारी दोन ते चार बंद असते, आणि आपल्याकडे भांडी घासायला मावशी येतात अडीचला. म्हणजे सहा मजले जिन्याने, तेही तो गुडघा घेऊन. मी मागच्या वेळी आले होते तेव्हा त्या चौथ्या मजल्यावर कठड्याला धरून उभ्या होत्या. मला बघून पदर सावरला आणि ‘ताई, तुम्ही व्हा पुढं’ म्हणाल्या. वर आल्यावर आधी पाणी प्यायल्या, मग भांड्यांकडे वळल्या.

आईने त्यांना पुढच्या लिफ्टने न्यायला सुरुवात केली. दंड आला. बाबांनी एक शब्द न बोलता मेंटेनन्सच्या चेकमध्ये तो भरून टाकला, आणि तिथून घरात अबोला सुरू झाला.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. ‘पटो न पटो, नियम आहे तोवर पाळायचा, बदलायचा असेल तर सभेत बदला,’ असं तुम्ही म्हणता. याला कोणी जुन्या वळणाच्या कारकुनाचा हट्ट म्हणू दे, मी म्हणणार नाही. तहसीलच्या कचेरीत तुमची हयात गेली. ‘साहेब, एवढं चालवून घ्या’ म्हणत कोण यायचं, हे तुम्हीच आम्हाला जेवताना सांगायचात. ज्याच्या खिशात वजन असायचं किंवा ज्याचा पुढाऱ्याशी घरोबा असायचा, तो यायचा. सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी खेटे घालणाऱ्या म्हातारीला नियम वाकवून नको होता, तिला तो सरळ हवा होता. नियम ढिला झाला की त्याची झळ आधी तिलाच बसायची. हे तुम्ही रोज पाहिलंत, म्हणून नियमाची तुम्हाला एवढी चाड आहे. त्यासाठी मला तुमचा अभिमान वाटतो.

आणि न पटणारा कायदाही बहुतेक वेळा पाळावाच, असंच मलाही वाटतं. इथे पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध किती वेळा रण पेटलं, तुम्हाला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात हेल्मेट स्पष्ट लिहिलेलं आहे. तो कायदा आपण निवडून दिलेल्या संसदेने १९८८मध्ये केला, तो तुम्हाला-मला सारखाच लागू होतो, आणि तो नको असेल तर खासदाराला पत्र लिहायला, मोर्चा काढायला, कोर्टात जायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. एवढ्या वाटा उघड्या असताना ‘मला पटत नाही’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. तुम्हीही कुरकुरत का होईना, हेल्मेट घालूनच भाजी आणायला जाता, ते योग्यच करता.

पण लिफ्टची गोष्ट तशी नाही. कुठलाही नियम समोर आला की मी दोन गोष्टी विचारते: तो करताना कोणाचं मत घेतलं, आणि त्याचा त्रास कोण सोसतंय? हेल्मेटच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर ‘आपणच’ असं येतं. या नोटिशीच्या बाबतीत ठरवणारे वेगळे आहेत आणि जिने चढणारे वेगळे. मावशी सोसायटीच्या सभासद नाहीत. सभेत त्यांना खुर्ची नाही, हात वर करायचा हक्क नाही. ‘सभेत बदला’ हे तुम्ही आईला सांगू शकता, मावशींना कसं सांगणार? याच राज्याने २००८मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा करून त्यांना कामगार म्हणून मान्य केलं, आणि आपल्या इमारतीत त्यांना दारातून आत घेताना कुठल्या लिफ्टने यायचं ते आपण बजावतो. नोटिशीत जात कुठेच लिहिलेली नाही, कामाचं नाव लिहिलं आहे. पण ती वाचताना मला आपल्या देशातल्या पाणवठ्यांची आठवण आली, ती काही केल्या जात नाही.

म्हणून महाडबद्दल लिहिते. तिथली अर्धीच गोष्ट आपल्याला शाळेत शिकवली. सीताराम केशव बोले यांचा ठराव म्हणून लोक ज्याचा उल्लेख करतात, तो सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३मध्ये मंजूर झाला. मग १९२४मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं, फक्त पाण्यापर्यंत कोणी पोचू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. बाबा, त्या दिवशी त्यांनी कुठला कायदा मोडला? एकही नाही. मोडली ती रूढी. कायदा त्यांच्या बाजूने होता, तरी परतणाऱ्या माणसांची डोकी फुटली. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

दुसरा अर्धा भाग डिसेंबरचा. बाबासाहेबांनी पुन्हा सत्याग्रहाची हाक दिली. तोवर काही सवर्णांनी ‘तळं खाजगी आहे’ असा दावा लावून १४ डिसेंबरला कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. परिषद भरली, २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. मनाई मोडून तुरुंगात जायला तयार असलेल्या जवळजवळ चार हजार लोकांनी नावं नोंदवली होती. ही माणसं पायी, उपाशीतापाशी, घरच्यांचा निरोप घेऊन आली होती. आणि बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. लढा आपला रूढीशी आहे, प्रकरण कोर्टापुढे आहे, कोर्टाचा निकाल येऊ द्या, असं ठरलं. मिरवणूक निघाली, तळ्यापाशी गेली, पण पाण्याला कोणी हात लावला नाही.

निकाल पूर्ण लागायला १९३७ उजाडलं. १७ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावर हक्क सांगणाऱ्या सवर्णांचं अपील फेटाळलं. दहा वर्षं! ही दहा वर्षं मला फार बोचतात. तुम्ही म्हणाल, बघ, बाबासाहेबांनीसुद्धा हुकूम पाळला. पाळला, खरंच. पण त्याआधी मार्चमध्ये ते स्वतः तळ्यात उतरले होते, परिषदा भरवल्या होत्या, आणि कोर्टात प्रतिवादी म्हणून उभे राहून अखेरपर्यंत लढले. त्यांनी गप्प बसून दंड भरला नाही. २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणातही त्यांनी सत्याग्रह, कायदेभंग सोडून द्या असं सांगितलं, तेव्हा कारण दिलं होतं की आता संविधानिक मार्ग उघडे झाले आहेत. पूर्वी ते उघडे नव्हते, तेव्हा त्या पद्धतींना बरंच समर्थन होतं, हेही ते तिथेच म्हणाले. त्या भाषणाचा आधार घेणारे पुष्कळदा पुढचं वाक्य वाचतच नाहीत.

एक गंमत वाटण्यासारखी नव्हे, विचारात पाडणारी गोष्ट सांगते. १९३७चा तो निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एक होते ब्रूमफील्ड. हेच ब्रूमफील्ड १८ मार्च १९२२ला अहमदाबादला सत्र न्यायाधीश होते आणि राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. गांधीजींनी आरोप कबूल करून स्वतःच सर्वांत कडक शिक्षा मागितली. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी, सरकारने ती कमी केली तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही, असं बोलून दाखवलं. खुर्चीतला माणूस कायद्याने बांधलेला होता, समोरचा कायदा मोडल्याचं मान्य करत होता, आणि तरी दोघांनी एकमेकांचा मान राखला. बाबा, तुमच्या आणि आईच्या भांडणात मला एवढंच हवं आहे.

आता आई, तुझ्याशी. तू मावशींना लिफ्टने नेतेस ते मला मनापासून पटतं. पण तू वॉचमन जेवायला गेला की नेतेस, आणि कोणी विचारलं तर ‘आज सामान जड होतं’ म्हणतेस. असं नको करूस. नियम चुकीचा आहे म्हणून आपण तो मोडतोय, तर ते तोंडावर सांगून मोडायला हवं. चोरून मोडलं की नोटीस भिंतीवर तशीच राहते, आणि कमिटीला वाटतं की सगळे तिला मानतात.

याहून मोठी काळजी मला दुसरी आहे. तुला लागतो २०० रुपयांचा दंड. पण उद्या कमिटीने मावशींचा गेटपास काढून घेतला तर? आपल्या इमारतीत त्यांची चार घरं आहेत. त्यांच्या घरी त्याच पैशांवर चूल पेटते. मार खायची, तुरुंगात जायची तयारी महाडच्या माणसांनी स्वतः दाखवली होती, नाव नोंदवून. मावशींना आपण काहीच विचारलेलं नाही. आपल्या तत्त्वाची किंमत त्यांच्या पगारातून जाऊ नये. आधी त्यांना बसव, चहा दे आणि स्पष्ट विचार: ‘आम्ही यावर भांडणार आहोत, तुमचं नाव येईल, चालेल का?’ त्या नको म्हणाल्या तर ते ऐक. तोवर त्यांची वेळ चारनंतरची करता येते का बघ. भांडी थोडी उशिरा घासली गेली म्हणून आपलं काही अडत नाही.

आणि बाबा, नियमाचं म्हणाल तर तो कमिटीलाही लागू आहे ना? आपल्या सोसायटीने मॉडेल उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, स्वीकारलेले आहेत, ती पुस्तिका तुमच्याच कपाटात आहे. दंड लावायचा तर आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, सभासदाचं म्हणणं ऐकावं लागतं आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे यावा लागतो. यातलं काय झालं? एक कागद चिकटवला आणि बिलात रक्कम आली. तुमच्या कचेरीत असा आदेश कोणी तुमच्यापुढे ठेवला असता, तर तुम्ही लाल पेनाने शेरा मारून परत पाठवला असतात. इथे का भरलात? मला वाटतं, चारचौघांत आपलं नाव नको, एवढ्यासाठीच. ते मी समजू शकते. या वयात जिन्यात समोरासमोर येणाऱ्या शेजाऱ्यांशी वाकडं घेणं सोपं नाही, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला हेच लोक धावून येतात. मी पुण्यात बसून शूरपणा शिकवावा, असं नाही.

पण वाट आहे. सहकारी संस्था कायद्याच्या ७६व्या कलमाप्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते. आपली छप्पन्न घरं आहेत, म्हणजे बारा सह्या पुरे. पहिली सही तुमची असावी असं मला वाटतं. फ्लॅटमध्ये पहिलं नाव तुमचं आहे म्हणून तर आहेच, शिवाय तुम्ही नियमाचे माणूस आहात हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. तुम्ही ‘हा नियम चुकीचा आहे’ म्हणालात तर लोक थांबून ऐकतील. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई सही देतील, त्यांच्याकडच्या बाई सात महिन्यांच्या गरोदर आहेत. तळमजल्यावरचे काका देतील की नाही सांगता येत नाही, पण आईने विचारलं तर नाही म्हणणार नाहीत.

सभेत आपण हरलो तर? तेव्हा मी आईच्या बाजूने उभी राहीन, हे आत्ताच सांगून ठेवते. मावशींची तयारी असेल तर आई त्यांना भरदुपारी, वॉचमनसमोर पुढच्या लिफ्टने नेईल, दंड लागला तर निषेधाचं पत्र जोडून भरेल आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करेल. बाबा, तेव्हा तुम्ही सोबत या असं मी म्हणणार नाही. फक्त गॅलरीत जाऊ नका.

अर्जाचा मसुदा तुम्हीच करा. तुमच्याइतकं मुद्देसूद कोणी लिहीत नाही. विषय, संदर्भ, महोदय, सगळं तुमच्या पद्धतीने. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलात तर मी रात्री टाइप करून प्रिंटला देते आणि येत्या शनिवारी येताना घेऊन येते. आई, सह्या गोळा करायला आपण दोघी संध्याकाळी सातनंतर फिरू, त्या वेळी सगळे घरी असतात.

बाबांची बीपीची गोळी संपत आली असेल, तीही आणते.

तुमची,
धाकटी