नॉरिसचा विजय नशिबाचा नव्हे

२०२४ च्या मियामी ग्रांप्री या फॉर्म्युला वन मोटार शर्यतीतील लँडो नॉरिसच्या पहिल्या विजयाचे श्रेय आपल्या क्रीडा पानावरील लेखात प्रामुख्याने सेफ्टी कारला (अपघातानंतर सर्व गाड्यांचा वेग कमी ठेवण्यासाठी पुढे धावणाऱ्या गाडीला) दिले आहे, ते मान्य करता येत नाही. सेफ्टी कारमुळे त्याला आघाडी मिळाली हे खरे. परंतु शर्यत पुन्हा सुरू झाल्यावर मॅक्स व्हर्स्टापेनसारख्या विश्वविजेत्याला सात सेकंदांहून अधिक अंतराने मागे ठेवणे, हे निव्वळ कौशल्याचे काम होते. २०२१ मध्ये रशियातील सोची येथील शर्यतीत तो आघाडीवर असताना अखेरच्या फेऱ्यांत पाऊस आला आणि विजय निसटला, तेव्हा नशिबाचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. तब्बल ११० व्या शर्यतीत आलेल्या या यशासाठी लातुरातही आम्ही चाहते उत्तररात्री जागे होतो, आणि व्हर्स्टापेनच्या समर्थकांनीही मनापासून टाळ्या वाजवल्या.

– एक वाचक, लातूर