ध्रुवावरचा ड्रोन : आधी बॅटरीचे बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ध्रुवप्रदेशातल्या बचावकार्यात ड्रोन कसे उपयोगी पडतील, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. ड्रोन उडवला की बर्फात हरवलेला माणूस सापडलाच, असा त्याचा एकूण सूर आहे. सह्याद्रीत वाट चुकलेल्यांना शोधायला आमचा ट्रेकर्सचा गट जातो आणि अलीकडे ड्रोनही सोबत असतो, म्हणून चार शब्द लिहितो.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही स्पितीला गेलो होतो. खोलीत बॅटरी पूर्ण भरलेली, बाहेर पारा उणे अठरा. ड्रोन वर गेला आणि सहाव्या मिनिटाला बॅटरीचा आकडा असा कोसळला की तो आपणहून माघारी वळला. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रियाच मंदावते. मग पुढचे चार दिवस बॅटऱ्या जॅकेटच्या आत, पोटाशी धरून फिरलो. हातमोजे काढल्याशिवाय रिमोटच्या दांड्या नीट हलवता येत नव्हत्या आणि काढले की बोटे बधिर. अंटार्क्टिकात तर यापेक्षा कितीतरी कडाका असतो.

अंगाची उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचेही तसेच. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत कातळ तापलेला असतो. कॅमेऱ्यात दगड न् दगड माणसासारखा चमकतो. बर्फावर ती अडचण नाही, पण तिथला माणूस जाडजूड कपड्यांत गुरफटलेला. कपडे जितके चांगले, तितकी बाहेर येणारी ऊब कमी. तो तोंड खाली करून पडला असेल तर पडद्यावर काहीच नाही. शिवाय चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्र भरकटते आणि पात्यांवर बर्फ धरला तर यंत्र खाली येते.

तरीही ड्रोन हवाच, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण १९२८ सालच्या एका घटनेत आहे. उंबेर्तो नोबिले यांच्या नेतृत्वाखालचे ‘इटालिया’ हे एअरशिप (वायूने तरंगणारे हवाई जहाज) मे महिन्यात नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या ईशान्येला बर्फावर कोसळले. वाचलेल्यांनी तंबूला लाल रंग फासला, तरी शोधणारी विमाने जवळून जाऊनही त्यांना तो दिसला नाही. शोधाला निघालेले नॉर्वेचे ध्रुवसंशोधक रोआल्ड आमुंडसेन जूनमध्ये विमानासह जे गेले ते कायमचे. स्वीडिश वैमानिक लुंडबोर्ग यांनी नोबिले यांना (आणि त्यांच्या टिटिना या कुत्रीलाही!) बाहेर काढले, पण दुसऱ्या फेरीत विमान उलटले आणि वाचवणाराच जवळजवळ दोन आठवडे हिमतुकड्यावर अडकला. नुसते शोधण्यासाठी माणसे जीव धोक्यात घालत होती. तिथे ड्रोन गेला तर फार तर एक यंत्र बुडेल.

२०१३ साली कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात गाडी उलटून डोक्याला मार बसलेला एक चालक रात्री भटकत गेला. हेलिकॉप्टरला तो सापडला नाही. त्याच्या फोनवरून ठिकाणाचा अंदाज आल्यावर पोलिसांच्या छोट्या ड्रोनने थर्मल कॅमेऱ्यातून त्याला हुडकले. कुठे शोधायचे हे ठाऊक असले की ड्रोन असा उपयोगी पडतो. उलट त्याच वर्षी जानेवारीत अंटार्क्टिकाच्या डोंगरात तिघांना घेऊन जाणारे ट्विन ऑटर विमान कोसळले, तेव्हा खराब हवेमुळे शोधविमानांना काही दिवस अवशेषही पाहता आले नाहीत. त्या हवेत छोटा ड्रोनही टिकला नसता.

आता आपल्यापुरते. ‘मैत्री’ (१९८९) आणि ‘भारती’ (२०१२) या अंटार्क्टिकातल्या आपल्या तळांचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. दोन्ही तळांत सुमारे तीन हजार किलोमीटरचे अंतर, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या मदतीला धावणे दूरच. ‘मैत्री’हून हिमवाहनांचा ताफा सुमारे शंभर किलोमीटरवरच्या बर्फाच्या कडेपर्यंत जातो, वाटेत हिमभेगांची भीती. माणूस हरवेपर्यंत थांबण्यापेक्षा ताफ्याच्या पुढे ड्रोन उडवून वाट पाहून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बर्फाने झाकलेली भेग कॅमेऱ्याला दिसत नाही, पण उघडी तरी दिसेल. हिवाळी चमूतल्या निदान दोघांना हातमोजे घालून ड्रोन उडवायचा सराव निघण्यापूर्वीच द्यावा, तोही गोव्याच्या उन्हात नव्हे, लडाखच्या थंडीत.

आणि हो, बॅटऱ्यांसाठी जॅकेटला आतून खिसे शिवून घ्यावेत. आमचे डोंबिवलीतल्या एका शिंप्याने दीडशे रुपयांत शिवून दिले.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)